लाटण्यासाठी हेल्मेट

गेल्या महिन्यात सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाला मी दार उघडलं आणि तो सिलिंडरसकट दोन पायऱ्या खाली उतरला. त्याचं काही चुकलं नाही. माझ्या डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट होतं, हेल्मेटच्या काचेआड गॉगल, गॉगलखाली मास्क, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत रेक्झिनचा ॲप्रन, आणि या सगळ्यावर पिवळाधमक भुसा. जेजुरीचा भंडारा खेळून थेट चंद्रावर निघालेला माणूस दिसेल तसा मी दिसत होतो.

"काका, घरात काय झालंय?"

"काही नाही रे. लाटणं करतोय."

"बरं बरं," असं तो म्हणाला, सिलिंडर उंबऱ्याबाहेरच ठेवला आणि ओटीपी जिन्यातून ओरडून विचारला.

ज्यांना माझा पूर्वेतिहास माहीत आहे, त्यांना या पोशाखापेक्षा त्यातल्या हेल्मेटचा धक्का जास्त बसेल. 2019 च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती जोरात सुरू झाली, तेव्हा विरोधात जे रस्त्यावर उतरले त्यांत मी होतो. नुसता होतो असं नाही, घोषणा देत होतो. हेल्मेटनं मान दुखते, मागचे हॉर्न ऐकू येत नाहीत (मागचा हॉर्न ऐकून पुण्यात आजवर कुणी काय केलं आहे, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही) आणि केस गळतात. हे केसांचं कारण मी स्वतः ओरडून सांगितलं होतं, टोपी काढून. तर असा मी, रस्त्यावर उघड्या डोक्यानं फिरणारा स्वाभिमानी नागरिक, हल्ली स्वतःच्या घरात, मागच्या बाल्कनीत, हेल्मेट घालून वावरतो.

याला कारण लेथ. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी छंद हवा, असं सगळे सांगतात. छंद कुणाला हवा असतो, हे सांगत नाहीत. मला फिरत्या लाकडाचं लहानपणापासून वेड. आमच्या गावी एक कातारी होता. मोटरला लाकूड लावायचा, पटाशी टेकवायचा, आणि बघता बघता ओबडधोबड ओंडक्यातून पाळण्याचा गुळगुळीत खूर बाहेर यायचा. भोवरे, रव्या, करंडे, सगळं त्या एका जागी बसून. हे आपल्यालाही जमेल असं मला पन्नास वर्षं वाटत होतं, आणि निवृत्तीनंतर ते खोटं ठरवायला पुरेसा वेळ मिळाला. तुळशीबागेत शंभर-सव्वाशेला चांगलं लाटणं मिळतं. माझ्या पहिल्या लाटण्याचा आजवरचा खर्च 39,000 रुपये झाला आहे आणि ते अजून व्हायचं आहे.

लेथबरोबर 32 पानांची पुस्तिका आली. त्यातली पहिली 11 पानं धोक्याच्या सूचनांची. ती मी उलटली. बँकेत तीस वर्षं लोकांना 'सर्व अटी वाचून समजल्या' या ओळीखाली सह्या करायला लावणाऱ्या माणसानं अटी वाचायच्या, म्हणजे आचाऱ्यानं डबा घेऊन लग्नाला जाण्यासारखं. त्यातली एक सूचना मात्र नजरेत भरली: डोळ्यांचं संरक्षण करा. मी ते केलंच होतं. मला चष्मा आहे.

पहिल्या दिवशी, तिसऱ्या मिनिटाला, बाभळीची एक ढलपी चष्म्याच्या बाजूनं आत शिरली. समोरून आली असती तर चष्म्यानं अडवली असती बिचाऱ्यानं. पण लाकूड गोल फिरतं, आणि गोल फिरणाऱ्या गोष्टी सरळ येत नाहीत, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कूस काढली, थेंब दिले आणि विचारलं, "काम करताना डोळ्यावर काय घालता?"

"हा चष्मा."

"हा वाचायचा आहे."

"हो, पण लाकूड त्याच्यातून मोठं दिसतं."

त्यावर डॉक्टर जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

आता खरं म्हणजे दुकानात जाऊन तीन-चारशे रुपयांचा कामाचा गॉगल आणला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण 39,000 खर्च केलेल्या माणसाला पुढचे तीनशे फार जड जातात. शिवाय घरात काहीतरी असेलच, यावर आपल्या पिढीची श्रद्धा आहे. घरात होता नातवाचा पोहण्याचा गॉगल. निळा, पट्ट्यावर मासे. तो डोळ्यांना असा चिकटला की जणू माझे डोळे त्याला पाण्याखालून वर खेचायचे होते. ढलप्या त्याच्यामुळे खरोखर आत आल्या नाहीत. पण दोन मिनिटांत आतून वाफ धरली आणि सगळं जग निळ्या धुक्यात गेलं. त्या धुक्यात मी लाटण्याचं मधलं अंग समजून त्याचं मूठ असलेलं टोक कातलं. संध्याकाळी एका साखरपुड्याला जायचं होतं. डोळ्यांभोवती दोन लाल कडी घेऊन गेलो. मुलीकडच्या एका आजींनी हिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे रात्रीचे नीट झोपतात ना?"

मग माळ्यावरून 2020 चा खजिना उतरवला. त्या वर्षी प्रत्येक घरात तोंडापुढे लावायच्या पारदर्शक पट्ट्या किती आल्या होत्या, आठवतं का? आमच्याकडे नऊ निघाल्या. एकीवर अजून मेहुण्याचं नाव होतं, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. त्यातली एक लावून मला फार सुरक्षित वाटलं. मग सागाची एक कपची आली आणि ती पट्टी, जशी वाऱ्यानं पडद्याची कड उडते तशी, वर गेली. शिंकेचे तुषार अडवायला केलेली वस्तू सागाची कपची अडवेल अशी अपेक्षा करणं, म्हणजे मच्छरदाणीनं माकडं थोपवण्यासारखं होतं. पण आपल्याकडे वस्तू पारदर्शक असली आणि तोंडापुढे असली, की ती संरक्षण करते असं धरून चालतात.

त्यानंतर भाच्याचं क्रिकेटचं हेल्मेट. त्याला पुढं लोखंडी जाळी असते. जाळीच्या पट्ट्यांमधून चेंडू आत येत नाही. ढलपी चेंडूपेक्षा बारीक असते, हे गणित मला कपाळावर कळलं.

शेवटी स्कूटरचं हेल्मेट. ते दिवाळीत मुलानं घेऊन दिलं होतं आणि तेव्हापासून दिवाणाखाली फुकट गेलं होतं. डोकं झाकलं, काच खाली ओढली, आणि आपण स्वतःशी केलेली गद्दारी माझ्या लक्षात आली. "ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या, तेच घालून लाटणं करताय?" ही म्हणाली. मी म्हटलं, "रस्त्यावरचं हेल्मेट वेगळं, घरातलं वेगळं. रस्त्यावर सक्ती होती." यावर ती काही बोलली असावी. हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही. ऐकू न येण्याबद्दलचा आमचा 2019 चा मुद्दा बरोबर होता, एवढं मात्र सिद्ध झालं.

आता गुलमोहराची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण सासऱ्यांच्या फोटोची काच अजून बदलायची आहे.

पावसाळ्यात सोसायटीतला गुलमोहर पडला. महापालिकेची माणसं तो तोडून नेत होती, तेव्हा मी एक ओंडका मागून घेतला. फुकटचं लाकूड बघितलं की लेथवाल्याचं जे होतं, ते फुकटच्या पार्किंगला दुचाकीवाल्याचं होतं. त्याचा आठ इंची वाडगा करायचा ठरला. लाकडाला एका बाजूनं बारीक चीर होती. ती मला दिसली होती. तिच्याकडे मी त्याच नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं आपण घराच्या भिंतीवरच्या ओलीकडे पाहतो. बघितल्यासारखं करायचं आणि सोफा तिच्यापुढं सरकवायचा.

त्याआधी मी भोवरा केला होता. भोवरा बारका, त्यामुळे पट्टा सगळ्यात वेगाच्या पुलीवर, मिनिटाला 3000 फेरे. वाडगा लावताना पट्टा बदलायचा राहिला. लेथवाल्यांमध्ये एक साधा हिशेब चालतो: लाकडाचा व्यास इंचात आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवावा. आठ इंचाला म्हणजे 750 ते सव्वाअकराशे फेरे. मी 3000 वर चालू केला. नंतर बसून हिशेब केला, बँकेतली सवय. आठ इंची लाकडाचा परीघ सुमारे 64 सेंटिमीटर, सेकंदाला 50 फेरे, म्हणजे कड पळत होती ताशी 115 किलोमीटरनं. मध्यमगती गोलंदाजाचा वेग. पण गोलंदाज निदान रन-अप घेतो, अंपायर हात आडवा करतो, आणि चेंडू आठशे ग्रॅमचा नसतो. शिवाय वेग तिप्पट झाला की तडाखा नऊपट होतो. एवढं व्याज आमच्या बँकेनं कधी कुणाला दिलं नाही.

मी बटण दाबलं. लेथ नाचायला लागला. लाकूड तोललेलं नसलं की तो आधी असाच नाचतो, आणि शहाणा माणूस तेव्हाच बंद करतो. मी त्याला हातानं धरून ठेवायला गेलो, जसं पंगतीत हलणारं टेबल आपण धरतो. तेवढ्यात 'खाड्' असा आवाज झाला. वाडग्याचे दोन तुकडे झाले होते. एक चिरेजवळून सुटून स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून गेला, ओट्यावरच्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीला ओझरता नमस्कार करून हॉलमध्ये पोचला, आणि तिथं, हार घातलेल्या सासऱ्यांच्या फोटोवर. दुसरा वर, छताच्या पंख्याला.

मला काही लागलं नाही. याचं श्रेय माझ्या सावधपणाला नाही, वॉशिंग मशीनला आहे. बाल्कनीत ते आणि लेथ एकत्र मावत नाहीत, त्यामुळे मला लेथच्या समोर सरळ उभं राहताच येत नाही. तिरकं, बाजूला, दरवाजाशी अंग चोरून उभं राहावं लागतं. रोज मी त्या मशीनला शिव्या घालत होतो. आता दर आठवड्याला फडक्यानं पुसतो.

ही फोटोपुढं उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा म्हणाले होते, मुलगा बँकेत आहे, त्यामुळे सुरक्षित आहे."

यानंतर पंधरा दिवस लेथला झाकण. त्याच सुमारास कोकणात जाणं झालं आणि मी वाट वाकडी करून सावंतवाडीला गेलो. तिथली चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. आंबा, केळी, सीताफळ, वांगं, सगळं लाकडाचं आणि इतकं खरं, की ही एका लाकडी मिरचीचं देठ तोडायला निघाली होती. एका दुकानामागे एक म्हातारबाबा लेथवर काम करत होते. हात असा शांत, की लाकूड फिरतंय की थांबलंय, हे कळू नये. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, घासल्याच्या उष्णतेनं ती वितळली, आणि लाल रंग लाकडावर चढत गेला. मी माझी सगळी कथा सांगितली: चष्मा, गॉगल, जाळी, वाडगा, सासरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग लेथ बंद केला, माझा दंड धरला आणि मला दोन पावलं डावीकडे सरकवलं.

"फिरता थंय समोर रवा नको," ते म्हणाले. "बाजूक रवा."

म्हणजे काय, ते मग मला त्यांनी खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. लाकूड ज्या बाजूला फिरतं, त्याच पातळीत तुकडे सुटतात, वर, खाली, समोर, मागे. त्या पातळीबाहेर उभं राहिलं, की बहुतेक तुकडे दुसऱ्यांच्या सासऱ्यांकडे जातात. चालू करताना तर तिथं उभंच राहायचं नाही. आधी लाकूड हातानं फिरवून कुठं अडतंय का ते पाहायचं. चीर दिसली की लाकूड चुलीत. बाबांच्या डोळ्यांवर मात्र काहीच नव्हतं. मी विचारलं, तर हसले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं खिळ्याला एक चांगला जाड गॉगल टांगला होता, त्यावर धूळ आणि दोन कोळ्यांची जाळी. "नातवान हाडल्यान," म्हणाले, आणि परत कामाला लागले. मला एकदम आपल्या माणसाला भेटल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर मी खरा फेस शील्ड घेतला. पॉलिकार्बोनेटचा, जाड, कडेनं कानापर्यंत येणारा. आत गॉगल, ज्याच्यावर 'झेड 87' आणि पुढं अधिकचं चिन्ह असतं. हे अधिक चिन्ह अमेरिकी मानकात जोराचा आघात झेलण्यासाठी असतं. दुकानदाराला ते माहीत होतं. "त्या अधिकचेच पैसे अधिक आहेत, काका," तो म्हणाला. आणि मग जे अशा वेळी प्रत्येक पुरुषाचं होतं, तेच माझं झालं. मी सुरक्षा अधिकारी झालो.

बाल्कनीच्या फरशीवर लाल रंगानं लक्ष्मणरेषा आखली. ती थेट हॉलमधून पूर्वेच्या भिंतीपर्यंत नेली. तिच्यावर लेथ चालू असताना कुणी उभं राहायचं नाही, बसायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. सासऱ्यांचा फोटो तिच्याबाहेर, पश्चिमेला हलवला. हिचा आवडता कोपरा तिच्यावर आला, याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली. काम सुरू करण्याआधी तेवीस कलमांची यादी मोठ्यानं वाचायची: बाह्या दुमडल्या, मनगटातलं घड्याळ काढलं, चकची चावी काढली. हे चावीचं कलम अनुभवातून आलं आहे. ती एकदा चकमध्येच राहिली होती, बटण दाबल्यावर सुटली आणि हिच्या कणकेच्या परातीत जाऊन रुतली. मी ती काढून घेतली आणि कणीक पुन्हा मळून द्यायची तयारी दाखवली. तिनं नुसतं परातीकडे बघितलं.

मेहुणा आला, त्याच्या मनगटावर गंडा. कुठल्याशा महाराजांनी सर्व संकटांपासून संरक्षणासाठी बांधून दिलेला. "काढ," मी म्हटलं. "लोंबतं काही चालत नाही. फिरत्या लाकडात अडकलं तर हात घेऊन जाईल."

"अहो, हा रक्षणासाठीच आहे."

"लेथला ते माहीत नाही."

हातमोजेही काढायला लावले. त्याला ते पटलं नाही. मोजे म्हणजे संरक्षण, हे त्याच्या डोक्यात पक्कं. पण मोज्याचा एक धागा लाकडात गुंतला की पाठोपाठ बोटं जातात. मग तो खुर्चीत टेकला, अर्थात लक्ष्मणरेषेवर, आणि म्हणाला, "काही होत नाही हो. आमच्या गावचा कातारी साठ वर्षं काहीही न घालता काम करायचा. एक दिवस काही झालं नाही त्याला."

"कसा होता दिसायला?"

"मस्त माणूस. सदा हसतमुख. बोलताना असा एक डोळा मिटून बोलायचा."

मी थांबलो. तोही थांबला. साठ वर्षांत त्याला कधी सुचलं नव्हतं, ते त्या खुर्चीत त्याला सुचत असावं. त्यानं खुर्ची दीड फूट बाजूला सरकवली.

हल्ली माझी तयारी चाळीस मिनिटांची असते आणि काम चार मिनिटांचं. लाटणं मात्र खरोखर पुढं सरकलं आहे. परवा फक्त शेवटचं घासून झालं की संपणार होतं, तेवढ्यात पॉलिश पेपर संपला. दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती. मी ॲप्रन काढला, मास्क काढला, गॉगल काढला, स्कूटर काढली आणि निघालो. कर्वे रोडच्या सिग्नलला हवालदारानं हात आडवा केला.

"काका, बाजूला घ्या."

मी आज्ञाधारकपणे बाजूला घेतली. बाजूला उभं राहायची आता सवयच झाली आहे.

"डोक्यावर हे काय?"

मी हात लावून पाहिला. फेस शील्ड कपाळावर वर सारलेला तसाच होता. "फेस शील्ड. पॉलिकार्बोनेट आहे. जोराचा आघात झेलतो."

"आणि हेल्मेट?"

"घरी. लेथजवळ खिळ्याला टांगलंय."

"लेथजवळ?"

"लाटणं करतो मी."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, फेस शील्डकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या भुशाकडे. डिक्की उघडायला लावली. डिक्कीत लाटणं होतंच, पेपर कितपत खरखरीत हवा ते दुकानदाराला दाखवायला घेतलेलं. त्यानं ते हातात घेतलं, दोन तळव्यांत फिरवून बघितलं. त्याची पोळ्यांची समज चांगली असावी.

"एका बाजूनं जाड आहे," तो म्हणाला, आणि गाडीचा फोटो काढून पुढं जायला सांगितलं.

पेपर मिळाला नाही. दुकान बंद झालं होतं. घराच्या पायऱ्या चढताना आठवलं, की स्कूटर हिच्या नावावर आहे, त्यामुळे चलानाचा मेसेज हिच्या मोबाइलवर जातो. वर दार उघडंच होतं. मी दारातच थांबलो, फेस शील्ड खाली ओढला, आणि जरा बाजूला सरकून उभा राहिलो.